आखाजीचा दोर आणि एक इंग्रजी शब्द

लिंबायत, सुरत
२० फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप योगराजमामांना वर्षाचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, म्हणून आधी रागावून घ्या आणि मग पुढचं वाचा. मला काम लागलं आहे, पण अजून पुरतं लागलेलं नाही. इथल्या पर्वत पाटिया भागात साड्यांना लेस आणि खडे लावायचा एक लहानसा कारखाना आहे. खुर्शेदबाई नावाच्या पारशी बाई तो चालवतात. साठी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, अंगात कायम गुडघ्याखालपर्यंतचा फ्रॉक आणि चष्मा नाकाच्या टोकाला. हाताखाली पंधराएक बायका, बहुतेक आपल्या खानदेशातल्या. ह्या बायकांना सांभाळायचं आणि दुकानदारांना इंग्रजीत पत्रं लिहायची, असं माझं काम.

पहिल्याच दिवशी बाईंनी माझं अक्षर पाहिलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "इंग्लिश सारुं छे, हेन्डरायटिंग बी सारुं छे. पण गम्प्शन छे के?"

आहे म्हणावं तर दाखवावं लागणार, नाही म्हणावं तर घरी जावं लागणार, म्हणून मी नुसती हसले. माझ्या शाळेतल्या डिक्शनरीत गम आहे, गन आहे, मधलं हे नाही. शेजारचा धर्मेंद्र रिक्षा चालवतो, त्याला सगळ्यातलं कळतं. तो म्हणाला की हा पोटाचा विकार असावा. बाबांनी तर विचारलं, "हाऊ सबद खावाना शे का पेवाना?"

हसू नका, मामा. बाईंनी सांगितलंय की इंग्रजी मी शिकवीन, गम्प्शन शिकवता येत नाही, ते अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे आपल्या आखाजीपर्यंत, दिसलं तर तू कायम. नाही दिसलं तर बाबा मला शिंदखेड्याला काकूकडे पाठवणार. काकू चांगली आहे, पण मला जायचं नाही. आई गेल्यावर हे पहिलंच काम आहे की ज्यासाठी सकाळी उठावंसं वाटतं. तेव्हा शब्दाचा अर्थ आणि तो कसा वापरायचा ते लगेच कळवा.

तुमची,
वर्षा

पारोळा
२७ फेब्रुवारी १९९७

चि. वर्षास अनेक आशीर्वाद.

रागावून झालं. अख्खा जन्म पोरांना इंग्रजी शिकवलं, पण निवृत्त झाल्यापासून कोणी एका शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. तुझं पत्र वाचून मी चष्मा पुसला आणि मोठी डिक्शनरी खाली काढली.

आता अर्थ. गम्प्शनला एका मराठी शब्दात बसवावं म्हणून मी सकाळभर बसलो. व्यवहारज्ञान म्हणावं तर ते फार कोरडं पडतं. हुशारी म्हणावं तर ती परीक्षेतही चालते. धाडस म्हणावं तर ते विहिरीत उडी टाकायलाही लागतं. हे तिन्ही थोडं थोडं घ्यायचं. अडचण समोर आली की कोणी सांगायची वाट न बघता, हाताशी असेल त्यातून रस्ता काढायचा, आणि तोही असा की चार माणसांनी कपाळाला हात लावून म्हणावं, एवढं सोपं होतं होय. एक गम्प्शन, दोन गम्प्शन असं मोजता येत नाही. माणसात ते असतं किंवा नसतं.

उदाहरण तुझ्या आईचंच देतो. आम्ही लहान असताना गल्लीत एक विहीर होती आणि तिच्यावर एकच धड दोर. आखाजीला पोरींना झोका हवा. तुझे आजोबा म्हणाले, विहिरीचा दोर झोक्याला देणार नाही, बायका पाणी कशाने काढतील? पोरी रडायला लागल्या. उषा रडली नाही. तिने दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या पोरींना उठवलं आणि गल्लीतल्या घराघरातले रांजण, घागरी, गुरांची डोणीसुद्धा भरून टाकली. मग उन्हं वर आल्यावर दोर हातात घेऊन आजोबांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, आता संध्याकाळपर्यंत कोणाला पाणी लागणार नाही, दोर रिकामा आहे. आजोबा स्वतः लिंबावर चढून गाठ मारून आले. मी झाडाखाली उभा होतो, तिच्याहून मोठा, वर्गात पहिला येणारा, आणि मला हे का सुचलं नाही म्हणून जळत होतो.

दोर पुढे बदलला, पण तो टांगायची घरातली खुंटी तीच आहे. दर आखाजीला उषाला सुरतेहून घेऊन आलो की आधी दोर खाली काढायचा आणि मग चहा, असा आमचा नेम होता. आता तीन आखाज्या झाल्या, तो खुंटीलाच आहे.

भाईदासरावांना सांग, शब्द खावानाही नाही आणि पेवानाही नाही.

तुझा,
योगराजमामा

लिंबायत
१० मार्च १९९७

ती. मामांना नमस्कार.

तुमचा शब्द मी वापरला आणि तोंडावर पडले.

अर्थ कळला त्याच दिवशी बाईंसमोर जाऊन सांगितलं की माझ्यात गम्प्शन आहे. त्या खडे मोजत होत्या, मोजणं थांबवून हसल्या. म्हणाल्या, ज्याच्यात असतं तो बोलत नाही, हा शब्द दुसऱ्याने आपल्याबद्दल बोलायचा असतो. हे तुमच्या मोठ्या डिक्शनरीत नव्हतं का?

मग म्हटलं, करूनच दाखवावं. कोणी सांगायची वाट न बघता मी भरभर हात चालणाऱ्या बायका एका बाकावर बसवल्या आणि सावकाश चालणाऱ्या दुसऱ्या. मला वाटलं, कामाला वेग येईल. दुपारपर्यंत काम पार बसलं. मालतीबाई आणि पार्वती ह्या दोघी कायम शेजारी का बसतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्यात चष्मा एकच आहे. एकीने खडे लावायचे तेव्हा दुसरीने लेसचे धागे कापायचे, आणि मग चष्मा इकडून तिकडे. मी मालतीबाईंना ह्या टोकाला आणि पार्वतीला त्या टोकाला बसवलं होतं. चष्मा हातोहात फिरत राहिला, आणि मध्ये कोणीतरी त्याच्यावर बसलं. काडी मोडली. ती आता दोऱ्याने बांधली आहे.

बाईंनी दोघींना पुन्हा शेजारी बसवलं.

ह्या आखाजीला तुम्ही याल का? आईच्या नावाची घागर बाबा दरवर्षी भरतात, पण मग गप्प बसून राहतात. तुम्ही असलात तर तुमच्याशी भांडतील तरी.

वर्षा

पारोळा
१८ मार्च १९९७

चि. वर्षास आशीर्वाद.

चष्म्याची गोष्ट वाचून मी एकटाच इतका हसलो की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं काय चुकलं सांगू का? तू अर्थातला हात चालवायचा भाग घेतलास आणि डोळ्यांचा सोडलास. उषाने दोर मागण्याआधी गल्लीत कोणाकडे किती रांजण आहेत ते पाहून ठेवलं होतं. तूही आधी बघ. बायका का हसतात, का रुसतात, कोण कोणाची वाट बघतं, ते महिनाभर नुसतं बघ. बाईंचं म्हणणंही खरं आहे. डिक्शनरीत ते असायला हवं होतं, मी समासात लिहून ठेवलं आहे.

आखाजीला येणं जमेलसं वाटत नाही. गुडघा फार दुखतो. गाईला कोणाकडे ठेवायचं हाही प्रश्न आहे.

मामा

लिंबायत
१४ एप्रिल १९९७

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं महिनाभर नुसतं बघितलं, आणि आता जे दिसतंय त्याने माझी झोप उडाली आहे.

गुजराती लोक आखाजीला अखात्रीज म्हणतात. त्या दिवशी इथे लग्नंच लग्नं. बाईंनी एका मोठ्या दुकानाची लग्नाच्या साड्यांची ऑर्डर घेतली आहे. माल आखाजीच्या आदल्या दिवशी गेलाच पाहिजे. नाही गेला तर ते दुकान कायमचं जाईल आणि त्याच्याबरोबर मीही शिंदखेड्याला जाईन. आणि बायकांनी सांगून टाकलं आहे की आखाजीच्या आधीचा आठवडा त्या येणार नाहीत.

बाईंना वाटलं, एका दिवसाचा सण आहे. त्यांनी मजुरी वाढवून देते म्हणून सांगितलं. बायका नाही म्हणाल्या. आता बाईंना कसं समजवायचं की आखाजी म्हणजे माहेर, आणि माहेर म्हणजे भाऊ मुऱ्हाळी होऊन दाराशी न्यायला येणं? पण खरी गोष्ट मला परवा पार्वतीने सांगितली. ह्यातल्या निम्म्याहून जास्त बायका माहेरी जातच नाहीत. त्यांना न्यायला कोणी येतच नाही. कोणाचा भाऊ आता नाही, कोणाचा असून नसल्यासारखा. मग कामाला का येत नाही, मी विचारलं. ती म्हणाली, "आखाजीना दिनमा कामवर गऊ, त आख्खी गल्लीले समजस का माले लेवाले कोनी उनं नही." म्हणून ह्या बायका ते दिवस घरात बसून काढतात, दार लोटून, डोकं दुखतंय म्हणून सांगतात. पार्वती हे हसत हसत बोलली. मला मात्र रडू आलं.

मामा, मला एक सुचलंय. तुम्ही या. ह्या सगळ्यांचे मुऱ्हाळी म्हणून या. धर्मेंद्रच्या रिक्षात बसून एकेकीच्या दारी जा, आणि त्यांना कारखान्यात आणा. कारखाना त्यांचं माहेर होईल. मागच्या अंगणात कापडाचे गठ्ठे वर चढवायचा लोखंडी गर्डर आहे, त्याला झोका बांधू. दुपारपर्यंत काम करू, आणि दुपारनंतर गाणी, झोका आणि आयतं जेवण. बाबा म्हणतात, कापड विणायच्या लूमवर माझ्या जागी बदली माणूस ठेवतो आणि वरण-बट्टी मी करतो. बाईंना मी एवढंच सांगितलं आहे की माल वेळेवर जाईल, मला अंगण द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि दिलं.

आता फक्त भाऊ हवा आहे.

वर्षा

पारोळा
२१ एप्रिल १९९७

चि. वर्षास आशीर्वाद.

तुझी कल्पना फार चांगली आहे. मी येणार नाही.

गुडघ्याचं मी तुला खोटं सांगितलं, गुडघा ठणठणीत आहे. गाय शेजारच्या काकू सांभाळतात. खरं कारण असं की मला उधन्याला उतरता येणार नाही. एवढी वर्षं मी त्या स्टेशनवर एकाच कामासाठी उतरलो. उषा पिशवी भरून, दाराला कुलूप लावून, ओट्यावर बसलेली असायची. मला बघितलं की म्हणायची, "उशीर कया रे भाऊ," आणि मी कधीच उशीर केलेला नसायचा. तो ओटा रिकामा बघून मी दुसऱ्यांच्या दारी मुऱ्हाळी म्हणून काय तोंडाने उभा राहू? बहीण गेली, पोरी, मी आता कोणाचाच मुऱ्हाळी नाही.

दुसरा कोणी बघ. मला पुन्हा बोलावू नकोस.

मामा

लिंबायत
२५ एप्रिल १९९७

ती. मामांना नमस्कार.

बरं. तुम्ही येऊ नका, मी पुन्हा म्हणणार नाही. भाऊ कोणी मिळतो का ते धर्मेंद्र बघतो आहे.

फक्त खुंटीवरचा दोर पाठवा. इथे बाजारात नायलॉनचे मिळतात, त्यावर आखाजीचा झोका बांधावासा वाटत नाही. सुरतेच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ द्या. नीट गुंडाळायची गरज नाही, तो डिकीत कुठेही टाकेल. स्टँडवरून मी कोणालातरी आणायला सांगेन.

वर्षा

पारोळा
२९ एप्रिल १९९७

चि. वर्षा,

दोर कंडक्टरजवळ देण्यासारखा नाही. शनिवारी सकाळी उधन्याला उतरतो. भाईदासरावांना स्टेशनवर यायला सांग, म्हणजे ओट्यापर्यंत एकट्याने चालावं लागणार नाही.

तू लबाड आहेस. आईवर गेली आहेस.

मामा

पारोळा
१३ मे १९९७

चि. वर्षास अनेक अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. दोर घरी आणला. तो खुंटीला लावायला गेलो आणि लावला नाही, अंगणातल्या लिंबाला बांधला. वारा आला की रिकामा झोका हलतो आणि मला त्याचं आता वाईट वाटत नाही.

तू पहिल्या सकाळी कारखान्यात चटया टाकत होतीस, त्यामुळे दारोदारची मजा तुला कळली नाही, ती सांगतो. मी टोपी घातली होती आणि हातात सांजोऱ्यांचा डबा. मालतीबाईंच्या दाराशी उभा राहिलो आणि टोपी तीनदा नीट केली. शेवटी कसंबसं म्हणालो, "तुले लेवाले उनू, बहीण." त्या आत वळून सासूला जोरात, अगदी चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाल्या की मुऱ्हाळी आला आहे, मी जाते. सासूबाईंनी मला पाट दिला, चहा दिला, आमच्या सुनेला लवकर पाठवा म्हणाल्या. सगळं रीतसर. तिथून पुढे मला टोपी नीट करावी लागली नाही.

पार्वतीने तर कहर केला. नवी साडी, केसांत गजरा, आणि रिक्षात बसल्यावर धर्मेंद्रला म्हणाली की गल्लीतून एक चक्कर मार. मारली. म्हणाली, अजून एक मार, त्या टोकाची सखू अंघोळीला गेली होती, तिने बघितलं नाही. धर्मेंद्रने मुकाट्याने रिक्षा वळवली, हॉर्न वाजवत.

संध्याकाळी घरी सोडायला गेलो तेव्हाचा तिच्या सासूचा चेहरा मला अजून दिसतो. ती चुलीपुढे बसली होती आणि कुरकुरत होती की माहेरी गेलेल्या सुनेला भाकरी थापायला कशी सांगू, आठवडाभर आता मलाच थापाव्या लागणार. रोज सकाळी माहेरी जाणाऱ्या आणि रोज रात्री सासरी आयतं जेवणाऱ्या सुना लिंबायतने पहिल्यांदाच पाहिल्या असतील.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे. तुझ्या खुर्शेदबाई पहिल्या दिवशी इतक्या फुरंगटलेल्या का होत्या? उशिरा आल्या, मी नमस्कार केला तर मान फिरवली आणि केबिनमध्ये जाऊन बसल्या. आखाजीच्या दिवशी चमच्याने बट्टी खाल्ली, पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्यांच्या कारखान्याची धर्मशाळा केली म्हणून रागावल्या असतील. माल वेळेवर गेला हे मी डोळ्यांनी पाहिलं, पण त्यांनी तुला ठेवलं का? लगेच कळव. भाईदासरावांना सांग, बट्टी कच्ची होती असं मी म्हणालो ते भांडायचं म्हणून, बट्टी उत्तम होती.

मामा

लिंबायत
२० मे १९९७

ती. मामांना नमस्कार.

दुकानाने दिवाळीची ऑर्डर दिली. पार्वती आणि मालतीबाई यांना बाईंनी एकेक चष्मा करून दिला, तरी दोघी शेजारीच बसतात. बाबा कच्च्या बट्टीवरून अजून तुम्हाला उत्तरं देत आहेत, तुम्ही इथे नाही तरी.

आता माझं. तुम्ही गेल्यावर तीन-चार दिवस बाई माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी मनात पिशवी भरायला घेतली होती. काल निघताना त्यांनी हाक मारली आणि म्हणाल्या, उद्यापासून नऊला नाही, साडेआठला यायचं. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, कुलूप तू नाही उघडणार तर कोण उघडणार? एवढंच. तो शब्द त्या बोलल्याच नाहीत. मला वाटलं होतं, त्या बोलतील आणि मी तुम्हाला तार करीन. पण साडेआठ हे ऐकूनच मी जिन्यात बसून रडले आणि मग धावत घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, शिंदखेड्याला पत्र टाकतो, पोरीची वाट बघू नका म्हणून.

आज सकाळी कुलूप उघडलं. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ पेन्सिलीशी चाळा करत राहिल्या. त्यांनी कधी असं केलेलं मी पाहिलं नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "छोकरी, तारा मामा बधाने तेडवा गया. मुने तेडवा केम नी आयवा?"

तेडवा म्हणजे न्यायला, मामा. सगळ्यांना न्यायला गेले, मग मला न्यायला का नाही आले, असं त्या विचारत होत्या. माहेरी न्यायला.

मी म्हटलं, बाई, तुम्हाला कुठून न्यायचं, तुम्ही तर इथल्या मालकीण. त्या म्हणाल्या, घरून. "हुं तो साडी पेहरीने बेठेली."

आणि मग मला आठवलं. त्या शनिवारी त्या उशिरा आल्या तेव्हा अंगात फ्रॉक नव्हता. पारशी भरतकामाची मोरपंखी गारा साडी होती, त्यांच्या आईची असेल. आम्हाला वाटलं, त्यांच्याकडेही काही सण असेल. त्या सकाळभर घरी दाराकडे बघत बसल्या होत्या. मी बाकीच्या सगळ्या जणी बघितल्या आणि समोरच्या खुर्चीवरची बघितली नाही. आता काय करायचं ते मला सुचत नाही. तुम्हीच सांगा.

वर्षा

पारोळा
२६ मे १९९७

चि. वर्षास आशीर्वाद.

पत्र मिळाल्यापासून मी घरात फेऱ्या मारतो आहे. आखाजी होऊन गेली, पण लिंबाला झोका बांधलेला आहे आणि आंबे अजून संपलेले नाहीत. शेजारच्या काकू मांडे करणार आहेत. शनिवारी सकाळी मी उधन्याला उतरतो. धर्मेंद्रला रिक्षा घेऊन स्टेशनवर यायला सांग. आधी बाईंच्या दारी जायचं, मग तू बस, आणि दुपारच्या गाडीने आपण सगळे पारोळ्याला. कारखाना दोन दिवस मालतीबाई बघतील, त्यांना आता स्वतःचा चष्मा आहे.

बाईंना मी येतो म्हणून आधी सांग, नाहीतर फ्रॉकमध्ये सापडतील. साडी तीच नेसायला सांग.

मामा